परतफेडीची आशा न धरितां : मोलोकाईचे संत डेमियन

धर्मग्रामाच्या महोत्सवाची स्मरणिका हातीं आली म्हणजे वाचक प्रथम शेवटचीं पानें उघडतो, हें आम्हांस ठाऊक आहे. तेथें देणगीदारांचीं नांवें असतात. कोणी किती दिलें, कोणाचें नांव वर आलें, कोणाचें खालीं गेलें आणि कोणाचें छापतांना गळालें, हें पाहिल्यावांचून पुढच्या मजकुराकडे कोणी वळत नाहीं. यांत आम्ही कोणास दोष देत नाहीं. ज्यांनीं दिलें त्यांचे आभार मानणें हें कर्तव्यच आहे, आणि तें त्या पानांवर मनःपूर्वक केलेलें आढळेल. परंतु त्याच स्मरणिकेंत एका अशा पुरुषाचें चरित्र असावें असें आम्हांस वाटलें, कीं ज्याचें नांव त्याच्या हयातींतच जगभर झालें आणि ज्यास त्या नांवानें सुखापेक्षां दुःखच अधिक दिलें.

हा पुरुष म्हणजे मोलोकाई बेटावरील कुष्ठरोग्यांचे धर्मगुरु फादर डेमियन. त्यांची कथा प्रवचनांतून पुष्कळांनीं ऐकली असेल. पण प्रवचनाचा वेळ थोडा असल्यामुळें ती फार सोपी करून सांगितली जाते. ते गेले, त्यांनीं सेवा केली, त्यांस रोग जडला, ते निवर्तले आणि संत झाले. या पायऱ्यांच्या मधल्या जागेंत जें घडलें त्यांतच खरें चरित्र आहे, आणि तें आम्ही येथें थोडें विस्तारानें सांगूं इच्छितों.

बेल्जम देशांत लुव्हें शहराजवळ ट्रेमेलो नांवाचें एक खेडें आहे. तेथें 3 जानेवारी 1840 रोजीं जोसेफ डे व्हस्टर याचा जन्म झाला. आठ भावंडांत तो सातवा. बाप शेतकरी असून धान्याचा व्यापार करी, आई मोठी धर्मनिष्ठ होती. दोन बहिणी मठांत गेल्या, एक भाऊ ऑगस्त हा लुव्हें येथें येशू व मरीया यांच्या पवित्र हृदयांच्या संघांत दाखल झाला. तेव्हां घरचा व्यापार जोसेफानें सांभाळावा असा बापाचा मानस होता व त्याकरितां फ्रेंच भाषा शिकण्यास त्यास परगांवीं ठेविलें होतें. पण 1859 च्या आरंभीं तोहि भावाच्या मागून त्याच संघांत शिरला. लॅटिन येत नसल्यामुळें त्यास धर्मगुरु न करितां साधा बंधु करावें असें वरिष्ठांनीं ठरविलें होतें. परंतु भावाकडून फावल्या वेळांत लॅटिन शिकून त्यानें त्यांस आपला विचार बदलावयास लाविलें.

संघांत त्यानें डेमियन हें नांव धारण केलें. संत कॉस्मस व संत डेमियन हे दोघे बंधु प्राचीन काळचे वैद्य होते व रोग्यांकडून एक पैहि घेत नसत; पूर्वेकडील ग्रीक ख्रिस्तसभा त्यांस आजहि पैसा न घेणारे संत म्हणूनच ओळखते. तें नांव या तरुणास किती शोभणार होतें याची त्या वेळीं कोणासच कल्पना नव्हती. 1860 च्या ऑक्टोबर महिन्यांत पॅरिस येथें त्यानें अखेरचीं व्रतें घेतलीं. त्या संघाच्या रीतीप्रमाणें व्रत घेणारास जमिनीवर पालथें निजवून त्याच्यावर प्रेतावरची चादर घालीत असत. जगास तो मेला, असा त्याचा अर्थ. पुष्कळ तरुण या विधींतून उठतात आणि ती चादर विसरतात. डेमियन विसरले नाहींत.

1863 सालीं भाऊ ऑगस्त, ज्यांचें मठांतील नांव फादर पाम्फील होतें, यांस हवाई बेटांवर पाठविण्याचें ठरलें. तों साथीच्या दिवसांत रोग्यांची शुश्रूषा करितां करितां ते स्वतःच तापानें अंथरुणास खिळले. जहाजावरची जागा घेऊन झाली होती. ती फुकट जाऊं नये म्हणून डेमियन यांनीं स्थानिक वरिष्ठांस बाजूस ठेवून सरळ पॅरिस येथील मुख्य वरिष्ठांस पत्र लिहिलें व भावाच्या जागीं आपणांस पाठवावें अशी विनंति केली. विनंति मान्य झाली. ही घाई, हा वरिष्ठांस डावलून पुढें जाण्याचा स्वभाव, त्यांच्यांत शेवटपर्यंत राहिला, आणि त्याबद्दल त्यांनीं किंमतहि पुष्कळ दिली.

समुद्रावर सुमारें पांच महिने काढून 19 मार्च 1864 रोजीं, म्हणजे संत जोसेफाच्या सणाच्याच दिवशीं, ते होनोलुलूस उतरले. दोन महिन्यांनीं तेथील शांतिमातेच्या देवळांत त्यांस गुरुदीक्षा मिळाली. पुढचीं नऊ वर्षें हवाई या थोरल्या बेटावर गेलीं. तेथें ज्वालामुखींच्या उतारावरून पायीं व घोड्यावरून हिंडणें, लोकांची भाषा शिकणें आणि स्वतःच्या हातांनीं लांकूड तासून देवळें उभारणें असा त्यांचा क्रम होता. सुताराचें हें काम पुढें दुसऱ्याच कारणासाठीं उपयोगीं पडणार होतें.

त्या काळीं हवाई हें स्वतंत्र राज्य होतें. परदेशी जहाजांबरोबर आलेल्या देवी, गोंवर इत्यादि रोगांनीं तेथील प्रजा झपाट्यानें घटत चालली होती. त्यांत कुष्ठरोगाची, ज्यास आपले पूर्वज महारोग म्हणत, भर पडली. 1865 सालीं कायदा झाला कीं या रोगाच्या माणसांस पकडून वेगळें काढावें. मोलोकाई बेटाच्या उत्तरेस जमिनीची एक जीभ समुद्रांत शिरलेली आहे. तिच्या तीन बाजूंस खवळलेलें पाणी व चौथीकडे सुमारें 2,000 फूट उंचीचा सरळ कडा. 1866 च्या जानेवारी महिन्यांत पहिले रोगी तेथें उतरविले गेले. सरकारची कल्पना अशी कीं त्यांनीं जमीन कसून आपलें पोट भरावें. ज्यांच्या हातांचीं बोटें झडलीं त्यांनीं नांगर कसा धरावा, याचा विचार कचेरींत बसून कायदा करणारांस सुचला नाहीं.

येथें एक गोष्ट न्यायाच्या दृष्टीनें सांगितली पाहिजे, कारण जुन्या चरित्रांत ती बहुधा गाळलेली असते. फादर डेमियन येण्यापूर्वीं त्या ठिकाणीं केवळ अनाचार व अंधारच होता असें चित्र रंगविण्याची चाल आहे. दारू, जुगार, दुर्बळांची लूट हें सर्व तेथें होतें, यांत संशय नाहीं. पण पहिल्याच वर्षीं तेथील प्रोटेस्टंट रोग्यांनीं आपली प्रार्थनामंडळीहि स्थापन केली होती. आणि त्याहून मोठी गोष्ट अशी कीं रोग्यांबरोबर निरोगी माणसें आपण होऊन तेथें गेलीं होतीं. बायकोमागून नवरा, नवऱ्यामागून बायको, मुलामागून आई. त्यांस हवाईयन भाषेंत कोकुआ म्हणतात. त्या शब्दाचा अर्थ साहाय्य आणि साहाय्य करणारा असा दोन्ही आहे. जोनाथन नपेला नांवाचे एक गृहस्थ पूर्वीं न्यायाधीश होते व धर्मानें मॉर्मन होते. 1873 सालीं पत्नीस रोग झाला म्हणून ते तिच्याबरोबर गेले, कांहीं काळ त्यांनीं वसाहतीची देखरेख केली, पुढें तोच रोग त्यांसहि जडला आणि 1879 सालीं ते तेथेंच वारले. फादर डेमियन यांचा व त्यांचा स्नेह होता. नपेला यांचें नांव तरी कागदोपत्रीं राहिलें. इतर बहुतेक कोकुआंचें तेंहि राहिलें नाहीं.

1873 च्या मे महिन्यांत माउई बेटावर एका नव्या देवळाच्या अर्पणासाठीं बिशप मेग्रे व कांहीं धर्मगुरु जमले होते. मोलोकाईच्या कॅथोलिक रोग्यांनीं धर्मगुरूची वारंवार मागणी केली होती. कोणास तेथें जाण्याची आज्ञा करण्याचा धीर बिशपांस होईना, कारण ती आज्ञा म्हणजे मरणाचीच होती. चौघे तरुण धर्मगुरु पुढें आले; आळीपाळीनें कांहीं आठवडे प्रत्येकानें राहावें असें ठरलें. पहिली पाळी फादर डेमियन यांची. 10 मे रोजीं गुरें व नवे रोगी घेऊन निघालेल्या आगबोटीनें ते बिशपांसह तेथें पोहोंचले. सामान जवळजवळ कांहींच नव्हतें. त्यांनीं पहिल्या रात्री एका झाडाखालीं काढिल्या. तें झाड आपल्या किनाऱ्यावर ओढ्याकांठीं व कुंपणांत वाढणाऱ्या केवड्याच्या जातीचें होतें. दोनच दिवसांनीं त्यांनीं आपल्या प्रांताधिकाऱ्यांस पत्र लिहून आपणांस कायमचें येथेंच ठेवावें अशी मागणी केली. दुसऱ्या कोणाची पाळी मग आलीच नाहीं.

होनोलुलूच्या वर्तमानपत्रांनीं आठवड्याच्या आंत त्यांस ख्रिस्ती वीर ठरविलें. परधर्मीयांनीं वर्गणी गोळा करून पाठविली. येथून त्या कीर्तीचा आरंभ झाला. तिचें पुढें काय झालें तें येईलच.

तेथील काम कसलें होतें हें थोडक्यांत सांगतां येण्यासारखें नाहीं, तरी कांहीं सांगितलें पाहिजे. जखमांची दुर्गंधि इतकी असे कीं पापनिवेदन ऐकतांना त्यांस मध्येंच उठून बाहेर जावेंसें वाटे. ती सोसावी म्हणून ते तंबाखूचा पाईप ओढूं लागले. मेलेल्यांस नुसत्या घोंगडींत गुंडाळून उथळ खड्ड्यांत टाकीत आणि डुकरें तीं प्रेतें उकरीत. फादर डेमियन यांनीं दफनभूमीस कुंपण घातलें, शवपेट्या स्वतः केल्या, खड्डे स्वतः खणले. अशा पेट्या त्यांच्या हातून शेंकडों झाल्या. रोगी लंगडत जाऊन दूरच्या दरींतून डब्यांनीं पाणी आणीत, तें नळानें वस्तीपर्यंत आणण्याकरितां त्यांनीं धडधाकट लोकांस घेऊन नळ घातले. गवताच्या झोंपड्या जाऊन लांकडाचीं पांढरीं घरें झालीं. आईबाप मेलेल्या मुलांसाठीं व मुलींसाठीं दोन वेगळीं आश्रयस्थानें झालीं. संत फिलोमिनाचें लहानसें चॅपेल वाढवून मोठें केलें, त्यांत गायनवृंद बसविला, सणाच्या मिरवणुकींस वाद्यें आणविलीं. मरणारांच्या वस्तींत बँड कशास हवा, असें एखाद्या व्यवहारी मनुष्यास वाटेल. मरणारास आपली प्रतिष्ठा जिवंत माणसाइतकीच प्रिय असते, हें त्यांस कळलें होतें.

ते रोग्यांबरोबर त्यांच्याच भांड्यांतून जेवीत. तेथें अळूच्या जातीच्या कंदाचा लगदा, ज्यास पोई म्हणतात, एका वाडग्यांत ठेवून सर्वांनीं बोटांनीं खाण्याची रीत आहे. तोंडचा पाईपहि ते मागणारास देत. हा अविचार होता असें त्यांच्या वेळचे कांहीं वैद्य म्हणत, आणि आरोग्यशास्त्राच्या दृष्टीनें त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें. पण जो मनुष्य हातमोजे घालून भाकर देतो त्याची भाकर पोटांत जाते, मनांत जात नाहीं. आणखी एक बारीक गोष्ट आहे. हवाईयन भाषेंत, मराठीप्रमाणेंच, आम्ही आणि आपण असा भेद आहे, आणि फादर डेमियन प्रवचन त्याच भाषेंत करीत. पहिल्याच वर्षीं त्यांनीं आपल्या भावास कळविलें कीं प्रवचनांत रोग्यांस उद्देशून बोलतांना ते स्वतःसहि कुष्ठरोग्यांतच धरतात. त्यांस रोग झाल्यावर एके रविवारीं हे शब्द त्यांच्या तोंडून प्रथम निघाले, अशी कथा पुष्कळ ठिकाणीं सांगतात. ती कथा नाट्यमय आहे, पण घडलेलें याहून मोठें आहे. अंगावर डाग नसतांनाच त्यांनीं तो शब्द घेतला होता.

आतां परतफेडीविषयीं. रोग्यांपैकीं पुष्कळांनीं त्यांच्यावर जीव लाविला, परंतु सर्वांनीं नव्हे. चोरून दारू गाळणारांच्या भट्ट्या ते काठी घेऊन मोडीत, आणि अशा माणसांचें प्रेम मिळणें कठीणच. त्यांचा स्वभावहि तापट होता. साहाय्यास आलेल्या धर्मगुरूंशीं त्यांचें पटलें नाहीं, व एकामागून एक ते निघून गेले. मग त्यांस पापनिवेदनासाठींहि कोणी उरेना. 1873 च्या सप्टेंबरांतलीच एक गोष्ट आहे. त्यांचे वरिष्ठ आगबोटीनें तेथून जात असतां कप्तानानें त्यांस किनाऱ्यावर उतरूं दिलें नाहीं व फादर डेमियन यांस बोटीवर चढूं दिलें नाहीं. तेव्हां लहान होडींत उभें राहून, वरच्या कठड्याशीं वांकलेल्या वरिष्ठांस, सर्व लोकांच्या देखत, मोठ्या आवाजानें त्यांनीं आपलीं पापें सांगितलीं व तेथूनच क्षमाविधान घेतलें. आपण शनिवारीं सायंकाळीं पापनिवेदनाच्या पेटीपाशीं रांगेंत उभे असतों, तेव्हां मागच्यास आपला शब्द ऐकूं जाईल म्हणून किती हळू बोलतों!

1881 सालीं राजकन्या लिलिउओकलानी वसाहत पाहण्यास आल्या व दृश्य पाहून त्यांस बोलवेना. परत गेल्यावर त्यांनीं फादर डेमियन यांस राज्याचा एक मोठा किताब व पदक पाठविलें. तें बिशपांनीं स्वतः आणून त्यांच्या गळ्यांत घातलें. तें पुन्हां त्यांच्या अंगावर क्वचितच दिसलें. 

1884 च्या डिसेंबरांत प्रवासाहून आल्यावर थकलेले पाय शेकण्यास त्यांनीं ते ऊन पाण्यांत घातले. कातडीस फोड आले, पण दुःख जाणवलें नाहीं. या रोगांत त्वचेची संवेदना जाते हें त्यांच्याइतकें कोणास माहीत होतें? पुढच्या वर्षाच्या आरंभीं वैद्यांनीं तेंच निदान केलें. ही बातमी युरोपांत पसरली, वर्तमानपत्रांनीं ती नाना प्रकारें फुगविली, आणि ट्रेमेलो येथें ऐंशींच्या पुढें गेलेल्या त्यांच्या मातेच्याहि कानीं गेली. 1886 च्या ऑगस्टांत ती माउली वारली.

बातमीबरोबर पैसाहि आला. लंडनमधील एक अँग्लिकन पाद्री चॅपमन यांनीं त्यांच्यासाठीं वर्गणी उघडली व सुमारें 1,000 पौंड पाठविले. आणि येथें तें घडलें ज्याची आठवण ठेवण्यासारखी आहे. होनोलुलू येथील त्यांच्याच वरिष्ठांस हें रुचलें नाहीं. मिशन आपल्या माणसांकडे लक्ष देत नाहीं असें जगास वाटेल, सरकारहि रागावेल, आणि हा एकटा पाद्री सर्वांच्या कामाचें श्रेय घेत आहे, असा त्यांचा ग्रह झाला. त्यांनीं तशीं कडक पत्रें लिहिलीं. 1886 सालीं उपचारासाठीं होनोलुलूस येण्याची इच्छा त्यांनीं कळविली, तेव्हां येऊं नये असेंच उत्तर मिळालें. तरी ते गेले. त्या वेळीं राजधानींतील धर्माधिकारी व अंमलदार त्यांस टाळीत असतां एकट्या मदर मॅरियन कोप यांनीं आपल्या रुग्णालयांत त्यांचें आतिथ्य केलें.

त्या वरिष्ठांस दुष्ट ठरवूं नये. त्यांच्या शिरावर अनेक बेटांचा भार होता, इतर धर्मगुरु त्यांच्याच सारखे निमूटपणें झिजत होते, आणि फादर डेमियन यांची मागण्यांची पत्रें गोड नसत. परंतु शत्रूनें निंदा करावी हें सोपें दुःख आहे. ज्यांच्या आज्ञेंत राहण्याचें व्रत घेतलें त्यांनींच हेतूवर संशय घ्यावा, हें फार अवघड. फादर डेमियन यांस तें लागलें. त्यांचीं पत्रें वाचणारास स्पष्ट दिसतें कीं ते दुखावले, कष्टी झाले, कधीं कधीं निराशेच्या कडेपर्यंत गेले. शहाण्या मनुष्यानें अशा वेळीं हात आंखडता घेतला असता. त्यांनीं पत्र संपवून करवत उचलली.

आमच्या मतें या चरित्राचा गाभा येथें आहे. द्रव्याची परतफेड नको असें पुष्कळ जण म्हणतात व तें खरेंहि असतें. धर्मग्रामांत रात्रींबेरात्रीं धांवून जाणारे, आजाऱ्याजवळ बसणारे, प्रेतास खांदा देणारे लोक पैसा मागत नाहींत. पण पुढें तोच शेजारी रस्त्यांत भेटून ओळख देत नाहीं, किंवा मेढेकोटाच्या भांडणांत विरुद्ध साक्ष देतो, किंवा समितींत आपल्या नांवास विरोध करितो, आणि मग पुढच्या वेळीं त्याच्या घरीं दिवा लागला तरी आपले पाय निघत नाहींत. म्हणजे आपण परतफेड मागतच होतों, फक्त ती नाण्यांत मागत नव्हतों. प्रभूनें दहा कुष्ठरोगी बरे केले, त्यांतला एकच आभार मानण्यास परत आला, आणि तोहि परका. प्रभूनें बाकीच्या नवांची चौकशी केली, हें संत लूकनें लिहून ठेविलें आहे. त्यांचें आरोग्य परत घेतलें असें मात्र त्यानें लिहिलेलें नाहीं. त्याच शुभवर्तमानांत मेजवानीस कोणास बोलवावें याचा जो उपदेश आहे, त्यांत लंगडे, आंधळे, पंगु हींच नांवें येतात, कारण त्यांच्याजवळ परत बोलावण्यास घर नसतें.

कोणी विचारील कीं स्वर्गाची आशा धरणें हीहि परतफेडच नव्हे काय? सेमिनरींत हा प्रश्न आम्हींहि ऐकला आहे. त्रेंतच्या धर्मसभेनें 1547 सालीं याचा निर्णय देऊन ठेविला आहे: सार्वकालिक फळाकडे दृष्टि ठेवून सत्कर्म करणें पाप नव्हे. आशा हा ईश्वरपर सद्गुण आहे, तिला लाजण्याचें कारण नाहीं. पण जो मजुरी मिळेल म्हणून घरांत राबतो आणि जो मुलगा म्हणून राबतो, त्या दोघांचे हात सारखेच चालत असले तरी संध्याकाळीं दार लागल्यावर आंत कोण असतो, हें सर्वांस माहीत आहे. फादर डेमियन यांस स्वर्गाची आशा दृढ होती. तथापि पहांटे मिस्सेनंतर ज्या खोलींत ते शिरत, तेथल्या मनुष्याच्या जखमेंत स्वर्ग दिसत नाहीं, जखमच दिसते. आणि ती त्या मनुष्याची म्हणून धुवावी लागते.

शेवटच्या तीन वर्षांत न मागितलेलें एक फळ त्यांस मिळालें. 1886 च्या जुलैंत एक अमेरिकन गृहस्थ येऊन उतरले. त्यांचें नांव डटन. ते युद्धांत शिपाईगिरी केलेले, संसारांत नासलेले, दारूंतून सुटलेले आणि पुढें कॅथोलिक झालेले होते. उरलेलें आयुष्य प्रायश्चित्तांत घालवावें म्हणून ते आले होते. त्यांनीं वेतन घेतलें नाहीं, आणि 1931 सालीं मरेपर्यंत, जवळजवळ 45 वर्षें, ते त्याच कामांत राहिले. 1888 सालीं फादर कॉनरार्डी आले, आणि नोव्हेंबरांत मदर मॅरियन दोन भगिनींसह आल्या. त्या पुढें 30 वर्षें तेथें राहिल्या. डटन व मदर मॅरियन यांपैकीं कोणासहि तो रोग झाला नाहीं. आज विज्ञानानें कळलें आहे कीं बहुतेक मनुष्यांच्या अंगीं या रोगास दाद न देण्याची शक्ति असते. फादर डेमियन त्या बहुतेकांपैकीं नव्हते, इतकेंच.

त्याच डिसेंबरांत एडवर्ड क्लिफर्ड नांवाचे एक इंग्रज चित्रकार त्यांस भेटण्यास आले. ते प्रोटेस्टंट होते. हिंदुस्थानांत प्रवास करितांना त्यांस या रोगावर वापरावयाच्या गर्जन तेलाची माहिती झाली होती. तें तेल त्यांनीं मुद्दाम आणिलें. त्यानें कांहीं दिवस थोडें बरें वाटलें. फादर डेमियन यांच्या निधनानंतर इंग्लंडांत जो निधि उभारण्यांत आला, त्यांतून 1890-91 सालीं कुष्ठरोगाच्या चौकशीसाठीं एक मंडळ आपल्या देशांत पाठविण्यांत आलें. त्या मंडळाच्या कामापेक्षां देशी माणसांच्या हातून पुढें झालेलें काम आम्हांस मोठें वाटतें. 1949 सालीं वरोड्याजवळ स्थापन झालेलें बाबा आमटे यांचें आनंदवन कोणास माहीत नाहीं? रोग आज औषधानें पूर्ण बरा होतो. तरी जगांत दर वर्षीं आढळणाऱ्या नव्या रोग्यांपैकीं निम्म्याहून अधिक आपल्याच देशांत असतात, आणि त्यांच्या घरीं पाणी पिणें अजूनहि पुष्कळांस जमत नाहीं.

1889 च्या मार्चांत हात चालेनासे झाले. तोंवर ते देवळाचें छप्पर घालीत होते. 15 एप्रिल, पवित्र सप्ताहांतील सोमवार, या दिवशीं सकाळीं त्यांचें देहावसान झालें. वय 49 वर्षें. पहिल्या रात्री ज्या झाडाखालीं काढिल्या होत्या त्याच झाडाखालीं त्यांस पुरलें.

निंदेनें मरणानंतरहि पाठ सोडली नाहीं. त्याच वर्षीं होनोलुलूतील एक प्रोटेस्टंट पाद्री डॉ. हाइड यांनीं एका खाजगी पत्रांत त्यांस घाणेरडा, हेकट व चारित्र्यहीन म्हटलें, आणि तें पत्र छापलें गेलें. स्कॉटलंडचे प्रसिद्ध कादंबरीकार स्टीव्हन्सन हे फादर डेमियन यांच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांनीं मोलोकाईस जाऊन राहून आले होते. तेहि प्रोटेस्टंटच. 1890 सालीं त्यांनीं जाहीर पत्र लिहून हाइड यांस उत्तर दिलें. त्या उत्तराची खुबी अशी कीं त्यांत फादर डेमियन यांचे दोष झांकलेले नाहींत. ते हट्टी होते, अंगानें अस्वच्छ होते, हें मान्य करून मग विचारलें आहे कीं ते तेथें असतांना इतर कोठें होते. आमच्या कॅथोलिक चरित्रकारांनीं या परधर्मी गृहस्थापासून कांहीं शिकण्यासारखें आहे.

वडील बंधु फादर पाम्फील, ज्यांच्या जागीं डेमियन गेले होते, ते 1895 सालीं अखेर मोलोकाईस पोहोंचले. पण वय झालें होतें, पुस्तकांत आयुष्य गेलें होतें. तें काम त्यांच्यानें झालें नाहीं व ते बेल्जमला परतले. या वृद्ध धर्मगुरूचें स्मरण फारसें कोणी करीत नाहीं. वास्तविक लॅटिन शिकविणारे तेच, आणि रोग्यांची शुश्रूषा करितां पहिल्यानें आजारी पडलेलेहि तेच.

1936 सालीं बेल्जमनें फादर डेमियन यांचें शव मागून घेतलें. तें मर्केटर या जहाजावरून अँटवर्प येथें आणण्यांत आलें, राजे तिसरे लिओपोल्ड स्वागतास उभे होते, आणि लुव्हें येथें तें ठेविलें गेलें. मोलोकाईच्या रोग्यांनीं तें रडत दिलें. 1946 सालीं तेथें गुणकारी औषध आलें, 1969 सालीं वेगळें काढण्याचा कायदा संपला. त्या काळांत सुमारें 8,000 माणसें त्या किनाऱ्यावर नेलीं गेलीं होतीं. 1995 सालीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं ब्रसेल्स येथें फादर डेमियन यांस धन्यवादित घोषित केलें, व 11 ऑक्टोबर 2009 रोजीं पोप सोळावे बेनेडिक्ट यांनीं संत म्हणून. त्यांचा सण मृत्यूच्या दिवशीं नसून 10 मे रोजीं, म्हणजे मोलोकाईवर पाऊल ठेविलें त्या दिवशीं, पाळतात.

1995 सालीं मोलोकाईच्या लोकांस त्यांचा उजवा हात परत मिळाला. संत फिलोमिनाच्या देवळाशेजारच्या मूळच्या कबरींत तो पुन्हां पुरलेला आहे. कबरीवर नांव आहे. भोंवतालच्या गवतांत ज्यांस त्या हातानें पुरलें, त्यांच्यापैकीं बहुतेकांच्या जागेवर आतां कांहीं खूणहि राहिलेली नाहीं.